साधा खडू

खडू, हे पत्र वाचताना मान हलवू नकोस. तुझ्या मान हलवण्याचा मला वीट आला आहे. होकाराला तीच मान, नकाराला तीच, आणि अर्थ आम्ही काढत बसायचा. सहा महिने तू माझ्या दारात पाऊल टाकलेलं नाहीस. फोन केला की तुझी बायको सांगते, "गाडीखाली आहेत." माणूस सहा महिने गाडीखाली राहतो का? म्हणून लिहिते आहे. तुझीच गोष्ट तुला तिऱ्हाइताची म्हणून सांगते, म्हणजे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. तसं तू ते कधी घालत नाहीसच. सगळी बोंब तिथेच आहे.

तर, एका ताईचा एक धाकटा भाऊ होता. गॅरेज त्याचं, पण दुरुस्तीपेक्षा त्याचं नाव पारखण्यासाठी. जुनी गाडी घेणारा आधी ती त्याच्याकडे आणायचा. हा काय करायचा, तर एक अक्षर न बोलता गाडीभोवती फिरायचा आणि पिवळ्या मेणखडूने खुणा करायचा. गोल म्हणजे पूर्वी ठोकलेली आहे, पण चालेल. रेघ म्हणजे खर्च निघेल. फुल्ली म्हणजे हात लावू नकोस. मालकाच्या किंवा दलालाच्या तोंडावर गाडीला नावं ठेवायची नाहीत, हा त्याचा नेम. तरुणपणी एकदा तो बोलला होता आणि मालकाने त्याची कॉलर धरली होती, तेव्हापासून जीभ जी आत गेली ती गेलीच. खुणा झाल्या की हा घरी जेवायला जायचा. गिऱ्हाइकाने गाडी आधी स्वच्छ धुवायची आणि मग खुणा वाचायच्या. मेण पाण्याने जात नाही. उलट धुतल्या पत्र्यावर ते उठून दिसतं. अख्ख्या घराला हे पाठ होतं. नाव त्यावरूनच पडलं, खडू.

ताईच्या लेकाने एक गाडी पसंत केली. लाल, दोनच सीटची, इतकी बुटकी की आत बसताना माणसाने स्वतःची घडी घालावी. नोकरीला लागल्यापासून पोराने डोक्यात तेच घेतलं होतं. मामाने पास केली तर घेईन, म्हणाला.

खडूने ती आदल्या दिवशीच गॅरेजात आणून ठेवायला लावली, कारण आधीच तापवलेलं इंजिन खोटं बोलतं. सकाळी दलाल आला आणि खुर्ची टाकून बसला. खडूने गार इंजिन सुरू केलं, कान दिला, बंद केलं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. मागच्या चाकावरच्या कमानीला ते चिकटेना. म्हणजे रंगाखाली पत्रा नव्हता, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. पुढच्या काचेवरचं साल आणि मागच्या काचेवरचं साल यांत तीन वर्षांचा फरक. सर्व्हिसच्या पुस्तकात आठ वर्षांच्या नोंदी, सगळ्या एकाच हाताच्या, एकाच शाईच्या. किलोमीटरचा आकडा सांगत होता गाडी जेमतेम चाललेली, आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत.

मग त्याने सीटमागचा गालिचा उचलला. खाली गाडीच्या तळाच्या पत्र्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत जोडाची रेघ होती आणि तिच्यावर ताजा काळा लेप. दोन मेलेल्या गाड्यांची एक केलेली. पुढचं धड एकीचं, मागचं दुसरीचं.

खडूने रागाने गालिचा खाली आपटला. दलालाकडे पाहिलं, तर तो मोबाइलवर हसत होता. तेवढ्याच क्षणी एक शब्द पुरला असता. हा वाकला, खिशातला मेणखडूचा डबा उघडला, तो रिकामा. मग त्याने फळ्यावर गिऱ्हाइकांचे नंबर लिहायचा साधा पांढरा खडू उचलला आणि दोन्ही दारांखाली, बॉनेटवर, मागच्या काचेवर अशा चार फुल्ल्या मारल्या. हातभर मोठ्या. आंधळ्यालाही दिसतील अशा. आणि जेवायला गेला.

दुपारी भाचा आला. मामाच्याच नळाला पाइप लावला आणि मामाच्याच शिकवणीप्रमाणे गाडी वरपासून खालपर्यंत धुतली. मामाच्या खुणा पिवळ्याच असणार, म्हणून पांढऱ्या रेघांकडे त्याने लक्षच दिलं नाही; लाल गाडीवर पांढरं पाणी ओघळलं, त्याला ती धूळ वाटली. मग तो खुणा शोधायला लागला. एकही नाही. गोलसुद्धा नाही. मामाला चूक सापडली नाही अशी गाडी आजवर झाली नव्हती. पोरगं नाचायचं बाकी राहिलं. दलालाने खुर्चीतून सगळं पाहिलं आणि किल्ली पुढे केली.

संध्याकाळी खडूला कळलं, गाडी घेतली. चार फुल्ल्या बघून घेतली, असं त्याला वाटलं. आता फोन उचलून "अरे गाढवा" म्हणायला काय जात होतं? पण नाही. मान राहिला नाही, म्हणून हे महाशय फुगून बसले. तेवीस दिवस. भाच्याने दोनदा फोन केला, फेरी मारायला चल म्हणून. याने उचलला नाही.

चोविसाव्या दिवशी एका वळणावर गाडी त्या जोडावर उघडली. मागचं धड रस्त्यात राहिलं, पुढचं कठड्यावर गेलं. पोरगं वाचलं, खुब्याचं हाड गेलं.

हॉस्पिटलमध्ये खडू कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. भाच्याने छताकडे बघत विचारलं, "मामा, एक शब्द तरी बोलायचास."

"फुल्ल्या मारल्या होत्या."

"कुठे? मी धुऊन बघितली. काही नव्हतं."

खडूचा चेहरा पांढरा पडला. कॉटपलीकडे ताई उभी होती, तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "साधा खडू होता, ताई."

ताई तिथेच त्याच्यावर तुटून पडली. तोंडाला कुलूप होतं का, पोर तुझं असतं तर असाच जेवायला गेला असतास का, आणखी पुष्कळ. नर्स धावत आली. खडूने सगळं ऐकून घेतलं आणि निघून गेला. साधाच का होता, हे त्याने सांगितलं नाही. तिथे नाही, पुढेही कुणाला नाही.

ते मी सांगते. लाल गाडी यायच्या चार दिवस आधी तू फोन केला होतास. म्हणालास, ताई, तुझ्या घराखालच्या स्टेशनरीत पिवळे मेणखडू मिळतात, डबा संपत आलाय, येताना आण. मी शब्दकोडं सोडवत होते. म्हटलं, मी तुझी शिपाई नाही, आणि बरं, आणते.

खडू, तेवढं तरी माझ्या तोंडावर बोलायचं होतंस. लेक आता काठी घेऊन जिना उतरतो आणि त्या दुकानावरून रोज जातो. मीही जाते. काचेमागे डबे रचलेले दिसतात. मेणखडू मी अजून आणलेले नाहीत.