राजाबाईच्या खुर्चीची जागा

उल्हासनगरच्या एका गॅरेजात चंदरला सगळे ‘डिकीवाले काका’ म्हणत. वय पासष्ट, अंगाने काटकुळा, कानावर पेन्सिल. तरुणपणी तो नाटक कंपनीत नेपथ्य उभारायचा. जिना, खिडक्या, झुंबर, अख्खा दिवाणखाना एका टेम्पोत बसवून गावोगाव न्यायचा आणि तासाभरात रंगमंचावर उभा करायचा, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. काय दिवस होते ते! पुढे कंपनी मोडली, आणि अंबरनाथ पूर्वेला घरी बसलेल्या चंदरला गॅरेजवाल्या विनीतशेठने बोलावून आणलं.

विनीतकडे हौशी पोरं गाडीला एअर सस्पेन्शन बसवायला येत. चाकांपाशी स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे बसतात. बटण दाबलं की गाडी खाली बसते, नाहीतर वर उठते. त्यासाठी लागणारी हवेची टाकी आणि कंप्रेसर डिकीत कुठे ठेवायचे, याचा आराखडा चंदर करायचा. पुढे आरशाची फळी, तिच्यात निळे दिवे. झाकण उघडलं की पडदा वर गेल्यासारखं वाटलं पाहिजे, हा त्याचा हट्ट.

बेलवलीचा हिरामण मात्र हौसेसाठी आला नव्हता. “सगले गारी खाली बसवतान,” तो म्हणाला होता, “मना वर उठवाची हाय.”

त्याची आई राजाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून विधींची गाणी म्हणण्याचा मान तिचा. गुडघे गेल्यापासून ती चाकांच्या खुर्चीवर होती. मागे एका लग्नात चार जणांनी तिला काखेत धरून गाडीतून उचललं आणि मांडवाच्या दारातच तिचं लुगडं सुटलं. त्या दिवसापासून तिने ओटा सोडला नाही. आज संध्याकाळी सहाला लेकीकडच्या नातीची, राजसीची हळद होती, बदलापूरच्या पलीकडे. सीट खुर्चीइतकी उंच झाली तर राजाबाई स्वतः सरकून बसू शकणार होती. तिने लेकाला एवढंच सांगितलं होतं, “खुर्ची गारीत येत असंल तं मी येन. मना कोनी उचलाचा नाय.”

फुगे कालच बसले होते. उरली होती डिकी, आणि हातात होता आजचा दिवस.

चंदरने सकाळीच पुठ्ठ्याची टाकी आणि पुठ्ठ्याचा कंप्रेसर केला, खऱ्या मापाचे. टाकी सीटच्या पाठीला टेकवून आडवी, कंप्रेसर तिच्या वर डाव्या कोपऱ्यात, पुढे त्याची लाडकी आरशाची फळी. उरलेल्या जागेत घडी केलेली खुर्ची झोपवायची. बाराच्या सुमारास त्याने ड्रिल उचललं. पत्र्याला एकदा भोक पडलं की ते पडलं.

“काका, येकदा झाकन लावून बगू?” हिरामणने विचारलं.

“चाळीस वर्षं मापं घेतोय मी,” चंदर म्हणाला. तरी त्याने झाकण खाली ओढलं. ते चार बोटं वरच अडलं. आतून पुठ्ठा चुरगळल्याचा आवाज आला.

झाकणाचे दोन वाकडे दांडे. उघडं असताना ते वर लपलेले असतात, बंद होताना डिकीच्या पोटात उतरतात. पडदा वर असतानाच माप घेऊन चंदर मोकळा झाला होता.

“काका, ये तो बच्चा भी देखता है,” विनीत म्हणाला.

चंदरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हिरामण मोबाइलवर वेळ बघत होता, आणि ते न बघण्यासाठी चंदर बाहेर पडला. परतला तो शेजारच्या पोळीभाजीवाल्या काशीताईकडून मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन.

“अब रोटी बेलोगे क्या?” विनीतने विचारलं.

चंदरने पुठ्ठ्यांच्या वर कणकेच्या जाड पट्ट्या थापल्या, झाकण सावकाश टेकवलं, पुन्हा उघडलं. दोन्ही कडांना कणीक खोल दबली होती. मधला भाग जसाच्या तसा. म्हणजे कंप्रेसर कोपऱ्यात नाही, दोन दांड्यांच्या मधोमध. त्याने तसा आराखडा बदलला. आता खुर्ची. ती आत सरकली आणि दोन बोटं बाहेर राहिली.

दोन वाजले होते. चंदर उकिडवा बसून डिकीकडे बघत राहिला. कंपनीचा टेम्पो भरताना जे रंगमंचावर आधी लागतं ते तो सगळ्यात शेवटी भरायचा, आणि त्याच्या वाटेत काही येऊ द्यायचा नाही. इथे आधी काय लागणार होतं? त्याने हात घालून आरशाची फळी उपसली.

“अरे, वो निकालोगे तो फोटो में क्या दिखेगा?” विनीत पुढे आला. “दो दिन लगे उसको बनाने में.”

“मलाच लागले ते, शेठ.” चंदरने फळी भिंतीला उलटी टेकवली. “खुर्ची दिसेल.”

खुर्ची आत गेली. झाकण बसलं, कट्‌ असा आवाज आला. मग त्याने पहिलं भोक पाडलं.

पाच वाजता गाडी बेलवलीला पोचली. चंदरही सोबत होता, त्याला राहवलं नव्हतं. ओट्यावर नवं लुगडं नेसून राजाबाई तयार होती. बटण दाबताच गाडी उठली आणि सीट खुर्चीच्या उंचीला आली. ती सरकली, बसली. हिरामणने खुर्ची घडी करून डिकीत सरकवली, तशी ती काच खाली करून म्हणाली, “झाकन लाव बगू. मना आयकाचा हाय.”

कट्‌.

मांडवापाशी गाडी थांबताच चार तरणे पुढे धावले, सवयीने बाह्या सरसावत. “लांब व्हा रं,” राजाबाई म्हणाली. ते तिथेच थबकले. हळदीच्या बाया बघत होत्या. चंदरने डिकी उघडली आणि एका हाताने खुर्ची ओढली. कुठेही न अडता ती बाहेर आली. हिरामणने बटण दाबलं, गाडी सावकाश उठली. राजाबाई खुर्चीवर सरकली, पदर नीट केला.

“खुर्चीवाला कोन?” तिने विचारलं.

“मी, आई. चंदर.”

“मंग ढकल. हलूहलू ने, सगल्यांना दिसंल असा.”

चंदरने मुठी धरल्या. मांडवाच्या दारात तिने गाणं उचललं, आणि तो पावलं जपत तिच्यामागे चालू लागला.