जेठाचं नाव

पोलिसांच्या वहीत झुंबरबाईच्या नावापुढे 'सराईत' असं लिहिलेलं आहे. हातभट्टीची दारू गाळणारी सराईत बाई. ते वाचून मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की दौत उचलून भिंतीवर फेकावीशी वाटली. त्या बाईला दारू गाळताच येत नव्हती. मोहाची फुलं मडक्यात किती दिवस सडू द्यायची, एवढंही तिला सांगता आलं नसतं. तरी तिने चारदा तुरुंग भोगला, आणि त्यातल्या पहिल्या तिन्ही वेळचे कबुलीजबाब माझ्या हाताने लिहिलेले आहेत.

मी जीवराम. तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली चटई टाकून लोकांचे अर्ज लिहितो. माणूस सांगेल ते लिहायचं, अंगठा घ्यायचा, चार आणे घ्यायचे, पुढचा बोलवायचा. विचारायचं काही नसतं. या न विचारण्याचा मला पुढे फार राग आला, पण तेव्हा त्यालाच मी धंद्याची रीत म्हणत होतो.

झुंबरबाईचं गाव साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. नवरा वना पटकीने गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि लेक धुरपी कडेवर होती. तिचा भाऊ तोताराम फैजपूरला केळीच्या मळ्यात सालदार. तो बहिणीला न्यायला आला, तेव्हा वनाचा थोरला भाऊ लोटन ओट्यावर उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला की आमच्या घरची सून आम्हाला जड झालेली नाही. गावाने मान डोलावली. जड कशी होईल? पहाटे मोह वेचायला, दिवसभर निंदायला, संध्याकाळी दळायला अशी बाई फुकटात मिळाली तर कुणाला जड होते? विधवेला पोटापुरतं द्यायचं, जमीन द्यायची नाही, असा तेव्हाचा कायदाच होता. वनाच्या वाटणीचं शेत लोटनने आपल्या शेतात मिळवून टाकलं.

लोटनची भट्टी गावाखालच्या नाल्यात होती. होळी झाली, मोह गळायला लागला की ती पेटायची. त्या बाजूच्या दोन-चार गावांत तेव्हा एक घाणेरडी रीत पडली होती. छाप्याची कुणकुण लागली की पुरुष डोंगर गाठायचे आणि भट्टीजवळ घरातली बाई बसवून जायचे. रिकामी भट्टी सापडली तर फौजदार मालक शोधत गावात शिरायचा. कुणीतरी हाती लागलं की पंचनामा करून तो परत फिरायचा. पुरुष पकडला गेला तर औत थांबतं, आणि बाईला शिक्षा कमी लागते, असं सगळे शहाणे सांगायचे. लोटनच्या घरात बाया दोन. त्याची बायको सुंदरबाई, तिला तीन मुलगे. दुसरी झुंबरबाई. कुणाला बसवायचं यावर त्या घरात घटकाभरही बोलणं झालं नाही.

आणखी एक गोष्ट लोटनला पक्की ठाऊक होती. आमच्याकडे सून थोरल्या दिरासमोर, म्हणजे जेठासमोर, हनुवटीपर्यंत पदर ओढून असते आणि त्याचं नाव मरेपर्यंत तोंडातून काढत नाही. झुंबरबाई तर लोट्यालाही गडू म्हणायची. नावाच्या जवळपास जीभ जायला नको. मग कचेरीत साहेबांनी विचारलं, भट्टी कुणाची, तर ती सांगणार काय? ती पदराआड गप्प उभी राहायची. गप्प राहणं म्हणजे कबुली, असं कचेरीत धरतात. तिची मर्यादा लोटनने आपल्या भट्टीला कुंपणासारखी लावली होती, आणि गाव वर त्याच्या घराची शिस्त वाखाणत होतं.

खटल्याच्या दिवशी लोटन माझ्या लिंबाखाली यायचा, चांगला फेटा बांधून. मजकूर तोच सांगायचा. मी विधवा आहे, पोटासाठी चुकून केलं, दया व्हावी. मी लिहायचो. शिपाई तिला आणायचा, ती अंगठा द्यायची. पहिल्यांदा दोन महिने झाले, मग तीन, मग सहा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशाच्या फाशीचा दोर मी वळत होतो.

तिसऱ्यांदा धुळ्याच्या तुरुंगातून सुटून ती गावाकडे चालली होती, तेव्हा माझ्याकडे पाणी प्यायला थांबली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तिथे फार हाल झाले का. पदराआडून ती म्हणाली, "तठे भाकर टाइमवर भेटस, आबा." मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तुरुंगातली भाकर जिला घरच्यापेक्षा बरी वाटते, तिचं घर कसलं असेल?

मग एकोणीसशे चौतीस साल उजाडलं. लोटनला कुणीतरी सांगितलं की झुंबरबाई आता चौथ्यांदा सापडली तर वर्षभर आत जाईल. लोटन दचकला. वर्षभर निंदणार कोण, दळणार कोण? दोन-चार महिने तुरुंगात गेली तरी चालणारी फुकटची बाई एका रात्रीत मोलाची झाली. म्हणून त्याची नजर धुरपीवर गेली. पोर तेरा वर्षांची. अज्ञान पोरगी आहे, साहेब समज देऊन सोडतील, असं तो घरात म्हणाला. पोलिसांच्या वहीत नाव गेलेल्या पोरीशी सोयरीक कोण करणार, हे त्याला कळत नव्हतं असं मी मानत नाही. लग्नाचा खर्चही वाचत होता.

चैत्रातल्या बाजाराच्या दिवशी झुंबरबाई मोळी घेऊन साक्रीला गेली होती. दुपारी परत आली तर दारात सुंदरबाई उभी. तिच्याच्याने राहवलं नाही. छापा येणार आहे आणि धुरपीला नाल्यात बसवलंय, एवढं तिने सांगितलं आणि आत निघून गेली. झुंबरबाई डोक्यावरची चुंबळ तशीच टाकून धावली. पोर भट्टीपुढे उकिडवी बसून सांगितल्याप्रमाणे काटक्या सारत होती. आईने तिला दंडाला धरून उठवलं, वरच्या वाटेने घरी पिटाळलं आणि स्वतः तिच्या जागी बसली. घटकाभरात शिपाई आले. तिला पाहून ते हसले म्हणे, की बाई, तू परत?

खटल्याच्या दिवशी लोटन आला आणि नेहमीचं लिही म्हणाला. मी टाक दौतीत बुडवला होता. शिपायाबरोबर झुंबरबाई आली, आणि चटईपासून दोन हातांवर उभी राहून म्हणाली, "आबा, यावेळे लिखू नका. मी बोलसू."

लोटनने तिच्याकडे पाहिलं आणि पान खायला टपरीकडे गेला. ही बाई काय बोलणार, अशी त्याला खात्री होती. मी तिला खरं ते सांगितलं. कुणाचं नाव घे, नको घेऊ, तुला वर्ष लागणारच.

"मंग मी कोनासाठे गप बसू?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली की पोरीला मामाकडे पोहोचवा, दुसरं काही मागत नाही.

कचेरीत त्या दिवशी गर्दी होती. लोटन दाराशी उभा होता. साहेबांनी नेहमीचा प्रश्न नेहमीच्या कंटाळ्याने विचारला. झुंबरबाईने पदर मागे सारला. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा प्रथम पाहिला. नुकती तिशी ओलांडलेली बाई, पण केस पांढरे व्हायला लागले होते.

"भट्टी लोटन झिपरूनी शे," ती म्हणाली. "त्यानी माले तीन डाव बसाडं. आते मनी पोरले बसाडं."

जेठाचं नाव आणि सासऱ्याचं नाव, एका दमात. लोटनचा हात आपोआप फेट्याकडे गेला. साहेबांनी साक्षीदार विचारले. गावचा पोलीसपाटील खिडकीबाहेर बघू लागला. पंचांना काही आठवेना. मागच्या तीन शिक्षा वाचून दाखवल्या गेल्या आणि झुंबरबाईला वर्षाची सक्तमजुरी झाली. लोटनचं नाव कारकुनाने टिपून घेतलं, कागद दप्तरात गेला आणि दप्तर कपाटात गेलं.

बाहेर गाव पेटलं होतं. कशावर? भट्टीवर? तेरा वर्षांच्या पोरीला विस्तवापुढे बसवण्यावर? छे! बाईने जेठाचं नाव घेतलं म्हणून. पांढऱ्या मिशांची माणसं थुंकत म्हणत होती, कलियुग आलं. मी चटई गुंडाळली. आईमागे चालत आलेली धुरपी कचेरीच्या पायरीवर बसली होती; त्याच संध्याकाळी तिला घेऊन धुळ्याला निघालो, तिथून रेल्वेने सावद्याला आणि बैलगाडीने फैजपूरला. तोतारामने भाचीला पोटाशी धरलं. पोर वाटभर एकच विचारत होती, आई माझ्यामुळे गेली का. मी नाही म्हणत राहिलो. वर्षाने झुंबरबाईही तिकडेच गेली.

पुढच्या चैत्रात लोटनच्या भट्टीवर सुंदरबाई सापडली. तीन मुलांची आई. ती माझ्या लिंबाजवळ शिपायाच्या बाजूला उभी होती आणि लोटन मला सांगत होता, लिही, चुकून केलं, दया व्हावी. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सुंदरबाईला म्हणालो, बाई, आत गेल्यावर नाव सांग, झुंबरबाईने सांगितलं तसं.

"माले त्यासनं नाव लेता येत नही, आबा," ती म्हणाली.

नवऱ्याचं नाव होतं ते. मी दौतीचं झाकण लावलं आणि लिहिणार नाही म्हणालो. लोटन पलीकडच्या पिंपळाखाली गेला. तिथला अर्जनवीस मोकळाच बसला होता, त्याने लिहून दिलं.