बोकडाचं लुगडं आणि माझी फुगडी

तेव्हा मी सतरा-अठराची असेन. सासर खालापूरकडचं, माहेर कर्जतपलीकडच्या कोंडाण्याचं, आणि लग्न झाल्यापासून मला एकच ध्यास: गौरी बोळवल्या की माहेरी जायचं. सासूबाई मिश्कील. म्हणाल्या, "जा की. पण आधी फुगडीत माझ्या लेकीला दमव."

त्यांची लेक म्हणजे माझी थोरली नणंद. तिच्याशी फुगडी धरायला आसपासच्या वाड्यांतल्या बायका कचरायच्या. ती सणाला आली होती आणि जाता-येता मला डिवचत होती, "वैनी, माहेरची वाट इसर आता!"

धाकटा दीर मुंबईला डॉक्टरकी शिकायचा. तो कर्जतला गाडीतून उतरला तो काखेत लाकडी पेटी घेऊन. पेटीत पितळेची नळी, तिला वर-खाली भिंगं. आमच्याकडे गौरीला दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य. बोकड कापला होता, मी पाट्यावर वाटण वाटत होते. दिरानं ताज्या मांसाचा नखाएवढा तुकडा घेतला, मिठाच्या पाण्यात दोन सुयांनी पिंजला आणि काचेवर पसरून नळीखाली सरकवला.

"वैनी, या, बघा."

"भावोजी, मटण बघायचं नसतं, खायचं असतं." फार शहाणी होते ना मी!

एक डोळा मिटायचा असतो हे कळेपर्यंत मला माझ्याच पापण्या दिसत होत्या. मग दिसले बारीक बारीक दोरे, आणि प्रत्येक दोऱ्यावर आडवे पट्टे, एक काळसर, एक उजळ, पुन्हा काळसर. माझ्या अंगावरच्या लुगड्याच्या पट्ट्यांपेक्षा सरळ.

"अगं बाई! बोकडाला आतून लुगडं कुणी नेसवलं?"

दीर पोट धरून हसला. मग समजावू लागला. एकेका दोऱ्याच्या आत आणखी बारीक तंतू असतात, आणि सगळ्यांचे पट्टे एका रांगेत असतात. माथेरानचे डोलीवाले कसे एकदम जोर लावतात, तसे हे तंतू एकदम ओढतात, म्हणून आपला हात झटक्यात उचलतो. पोटाच्या पिशवीच्या मांसाला असे पट्टे नसतात, ते आपलं सावकाश आवळत बसतं. त्यानं काच जराशी सरकवली. दोरा ताणलेला होता तिथं पट्टे लांब लांब होते, आकसलेला होता तिथं दाटीवाटीनं.

"मांस आकसलं की पट्टे जवळ येतात. सगळा जोर त्यातच हाय, वैनी."

पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. मला फुगडीची युक्ती सापडली होती! पट्टे जवळ म्हणजे जोर, मग ते आधीच जवळ आणून ठेवले तर? दुपारभर मी कोपरं दुमडून, मुठी आवळून, गुडघे वाकवून घरात वावरले. जोर साठवत होते म्हणे. वाढताना पळी माझ्याच नाकाला लागत होती.

"थंडी वाजती का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय, आत्याबाई."

"मग कोंबडीवानी का चालतीस?"

ऊन उतरल्यावर अंगणात बायका जमल्या. नणंदेनं हात पुढं केले. मी धरले, पण कोपरं छातीशी घट्ट. ती मागं रेलली, मी नाही. गिरकी लागते न लागते तोच दंडांत गोळे आले, पोटऱ्यांत आले, आणि मी सारवलेल्या अंगणात फतकल मारली.

"झालं माहेर!" नणंदेनं टाळ्या पिटल्या.

सगळ्या हसल्या, मीही हसले, पण डोळे भरून आले. ओटीवरून दीर ओरडला, "वैनी, ह्ये काय करताय?"

"पट्टे जवळ ठेवतेय!"

त्यानं कपाळावर हात मारला. "अवो, आधीच जवळ आणलेत तर ओढायला उरलं काय? मिटलेली छत्री आणखी कशी मिटंल? हात सैल सोडा, मागं रेला!"

"फितूर मेला!" नणंद कडाडली. "सख्ख्या बहिणीला सोडून वैनीला शिकवतोस व्हय रं?"

सासूबाई म्हणाल्या, "आणखी एक डाव हुंदे. मला बी बघू दे त्या नळीचा गुण."

या खेपेला मी हात सैल सोडले, पाय जुळवले आणि मागं रेलले. काय गिरकी लागली म्हणून सांगू! भोवतीच्या बायकांची लुगडी फिरता फिरता नुसते काळे-उजळ पट्टे झाली. नणंदेचा अंबाडा सुटला, तिची आणि माझी हसून हसून मुरकुंडी वळली, तरी मी सोडीना. शेवटी तीच किंचाळली, "पुरे गं, पुरे! जा एकदाची माहेरी!"

गौरी बोळवल्या आणि मी निघाले. कर्जतपर्यंत बैलगाडी, पुढं पायी. आईच्या ओटीची पायरी समोर आली तर पोटऱ्या अशा धरलेल्या की पाय उचलेना. आई धावली. मला टेकवून तिनं गरम तेल आणलं आणि चोळायला बसली. मी नळी, बोकड, लुगडं सगळं सांगत होते, ती नुसती "हो गं, हो गं" म्हणत होती.

पोटऱ्या सैल व्हायला पुरता आठवडा लागला. मीही त्यांना मुळीच घाई केली नाही.