न मोजलेलं केळं

डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद आमच्याकडे फिरवला आणि एका आकड्याभोवती पेनाने गोल काढला. क्रिएटिनिन, पाच पॉइंट दोन.

मला तो आकडा कळला नाही, पण गोल कळला. गणिताच्या वहीत मास्तर चुकलेल्या उत्तराभोवती काढायचे तसा होता.

"नाना, दोन्ही किडन्या थकल्यात," डॉक्टर म्हणाले.

नाना म्हणजे माझे मालक, कुंकवाचे धनी. गावात सगळे त्यांना नानाच म्हणतात. यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. त्यांनी डॉक्टरांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, परवा कापणी हाये. मंग सोमवारी आलो तं चालीन का?"

मला तिथेच रडू फुटलं. रडू आलं ते किडनीचं की या माणसाच्या कापणीचं, ते अजून सांगता येत नाही.

ज्यांच्या घरात असा कागद नुकताच आला असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं शिक्षण दहावीपर्यंत. पण गेल्या दीड वर्षात शरीर कसं चालतं ते जेवढं शिकले, तेवढं शाळेत शिकले नव्हते. शिकताना एक चूक केली. तीच मुख्य सांगायची आहे.

लक्षणं तीन-चार महिने दिसत होती. पायांवर सूज येई. बोटाने दाबलं की खड्डा पडे. आम्ही म्हणत होतो, बागेतल्या ओलीत उभं राहून पाय सुजतात. अंगाला खाज सुटे. ती उन्हाची समजलो. जेवणाला चव नाही म्हणत, तर माझ्या हाताची चव गेली असं मला वाटे. बारा वर्षांचं ब्लडप्रेशर होतं आणि गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, दोघांनी मिळून किडन्या खाल्ल्या.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या कामातून रोज तयार होणारा कचरा. किडनीत नेफ्रॉन नावाच्या लाखो बारीक चाळण्या असतात. त्या रक्त गाळतात, कचरा लघवीतून बाहेर टाकतात आणि कामाचं ते परत ठेवतात. चाळण्या मिटत गेल्या की कचरा रक्तातच फिरतो. मिटलेली चाळणी पुन्हा उघडत नाही, एवढंच मी त्या दिवशी नीट ऐकलं.

आहाराच्या ताईंनी पथ्याचा कागद दिला. मीठ कमी, पाणी दिवसाला एक लिटर. पोटॅशियम नावाचा क्षार वाढू द्यायचा नाही. म्हणून बटाटा नि पालेभाज्या चिरून दोन पाण्यांत भिजवायच्या, पाणी फेकायचं आणि मग शिजवायच्या. शहाळं, संत्री, चिकू, केळी बंद.

मी हे सगळं वाचलं. घरी गेल्यावर मोठ्याने वाचूनही दाखवलं.

त्या दिवसापासून मी घरात पोलीस झाले. पाण्याचा तांब्या मोजून भरायचा, सकाळी त्यावर खडूची रेघ. पापड, लोणचं, शेव डब्यांसकट देवळीच्या वरच्या फळीवर. भेटायला येणारे सफरचंद-संत्री आणत, ती दारातूनच परत. यांनी भरीत मागितलं तर मी भाकरीबरोबर दुधीची पाणचट भाजी वाढे. "जेलमदी बरं जेवन भेटत असीन," ते म्हणत. माझ्या कडकपणाचं गावात कौतुक झालं. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी तपासणी. पोटॅशियम सहा पॉइंट एक निघालं. साडेतीन ते पाचच्या मध्ये हवं.

"काय खाता नाना?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नही खाऊ देत साहेब," यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी पथ्य घडाघडा म्हणून दाखवलं. डॉक्टरांनी मान डोलावली, पोटॅशियम उतरवायची पावडर दिली आणि आठ दिवसांनी बोलावलं. कपाळावरची आठी मात्र तशीच राहिली. जळगावहून परत येताना तापीच्या पुलावर माझ्या मनात एकच येत होतं. इतकं करूनही आकडा वाढतोय, म्हणजे किडन्या अगदीच संपल्या.

सहाव्या दिवशी सकाळी हे ओट्यावर बसले ते उठेनात. "पाय माह्ये नहीच वाटू ऱ्हायले," म्हणाले. आवाज खोल गेलेला. हात धरला तर नाडी इतकी सावकाश चाललेली, की एका ठोक्यानंतर पुढचा येतो की नाही याची मी वाट पाहत राहिले.

पुतण्याची जीप काढली. मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्या अशक्तपणाने जाईल माणूस, असं मला वाटलं. निघताना सवयीने पिशवीत दोन केळी टाकली होती. एक सोललं, तुकडे करून त्यांच्या तोंडात घातलं. "खा हो, जरा हुशारी येईल," मी म्हणाले.

हे लिहिताना अजूनही हात थांबतो.

जळगावला पोचताच ईसीजी काढला. हृदय विजेवर चालतं, त्या विजेची रेघ म्हणजे ईसीजी. त्या रेघेवर भाल्यासारखी उंच टोकं आली होती. नर्स त्या रेघेची कागदी पट्टी घेऊन पळतच गेली. रक्त तपासलं, पोटॅशियम सात पॉइंट चार.

डॉक्टर आले ते उभ्यानेच बोलले. "काकू, नीट आठवून सांगा. आज काय खाल्लंय त्यांनी?"

"काहीच नाही. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही." देवाशपथ सांगते, मी खरंच बोलत होते.

वॉर्डातली साफसफाईची मावशी माझी पिशवी खाटेवरून उचलून बाजूला ठेवत होती. ती धुळ्याकडची, बोली तिकडची. पिशवीतून एक साल खाली पडली. तिने ती उचलली, माझ्यासमोर धरली आणि अगदी सहज विचारलं, "मंग ताई, हाई काय शे?"

"ते केळं आहे," मी म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "ते काय खाणं असतं का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "रोज किती?"

मी मोजायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मोजत होते. सकाळी बागेत निघताना एक. बागेत झाडावर पिकलेलं दिसलं तर एक, कधी दोन. दुपारी जेवणानंतर एक. मागच्या पडवीत वापसीचा घड कायम टांगलेला असतो. वापसी म्हणजे व्यापारी बाजूला काढतो तो माल. तिथून येता-जाता एखादं. पाच-सहा होत होती.

तुम्ही म्हणाल, कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की. होतं. पण आम्हाला वाटलं, ते बाजारातल्या, औषध मारून पिकवलेल्या केळ्यांबद्दल असेल. आपल्या बागेतलं, झाडावर पिकलेलं केळं कसं बाधेल? फळं बंद म्हणजे विकत आणायची बंद. केळी आम्ही जन्मात कधी विकत आणली नव्हती. आमच्याकडे भाकरी खाल्ली तर माणूस जेवला. केळं हे जेवण्यात धरतच नाहीत. बटाटा मी दोन पाण्यांतून काढत होते आणि केळं तसंच हातात देत होते. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

पुढचा तासभर सगळं भराभर झालं. आधी कॅल्शियमचं इंजेक्शन, हृदय सांभाळायला. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. यांना शुगर नाही, मग इन्सुलिन कशाला, म्हणून मी घाबरून ओरडलेच. नर्स म्हणाली, "इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं, काकू. तेवढा वेळ मिळतो आपल्याला." मग मानेत नळी घालून त्यांना डायलिसिसला नेलं. डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून यंत्रात गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. जे काम आतल्या चाळण्या करीत, ते बाहेर.

चार तास मी बाहेरच्या बाकावर होते. समोरच्या बाकावर पाचोऱ्याची एक बाई आपल्या सासऱ्यांना घेऊन आली होती. ती डब्यातून मला चपाती देऊ लागली, मी हातानेच नको म्हटलं. दार उघडलं की मी उठायचे, माझ्यासाठी नसलं की बसायचे. मनात एकच फिरत होतं, माझ्याच हाताने चारलं. सवाष्ण बाई मी, आणि माझ्याच हाताने.

दुपार कलताना डॉक्टर बाहेर आले. पोटॅशियम पाच पॉइंट एक. ठोके जाग्यावर. मी खाली वाकून त्यांच्या पाया पडले. ते दचकून मागे सरले.

दुसऱ्या दिवशी राउंडला ते खुर्ची ओढून खाटेपाशी बसले. "नाना, केळीला कोणतं खत जास्त लागतं?"

"पोटॅश," हे चटकन म्हणाले. मानेत नळी होती, पण खताचा विषय निघाला की यांना दम लागत नाही. "पोटॅशबिगर केळीले वजन नही आन् गोडी नही."

"पोटॅशियम म्हणजे तेच पोटॅश."

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. आपलं अंग पेशींचं बनलेलं. प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक बारीक पंप असतो. तो पोटॅशियम आत घेतो, सोडियम बाहेर टाकतो. आत-बाहेरच्या या फरकावर पेशीत वीज तयार होते. त्या विजेवर पाय उचलतो, पापणी हलते, हृदय ठोका देतं. जास्तीचं पोटॅशियम किडनी बाहेर टाकते. किडनी थकली की ते रक्तात साचतं, फरक कमी होतो आणि हृदयाच्या पेशी गडबडतात. म्हणून आधी पाय गेले, मग ठोके.

यांनी बोटांवर एकेक पायरी मोजली. मग म्हणाले, "म्हंजे मी बागेतल्या ड्रिपमधून पोटॅश झाडाले देलं, झाडानं केळात साठोलं आन् मी ते खाऊन माह्याच काळजाले डोस देला."

"असंच," डॉक्टर म्हणाले.

"आन् शोभे, तू शेवटचा डोस देला," माझ्याकडे पाहून ते हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी माझा हात धरला. पस्तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत धरलेला तो पहिला हात.

किडन्या सुधारल्या नाहीत. मंगळवार आणि शुक्रवार आम्ही जळगावला डायलिसिसला जातो. मनगटावर फिस्टुला केला आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांचा जोड. त्यावर बोट ठेवलं की आत मोटार चालल्यासारखी थरथर लागते. दुपारी ते लवंडले की मी हळूच तिथे बोट ठेवून पाहते. थरथर लागली की भांडी घासायला जाते. भीती गेलेली नाही. ती आता घरातलीच एक माणूस झाली आहे.

एकच सांगते. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं तर जे खाणं वाटत नाही ते आधी सांगा. आपल्या घरात जे इतकं असतं की दिसतच नाही, ते सांगा. तुमच्याकडे ते केळं नसेल, दुसरं काही असेल.

आणि ती मावशी. मी तिला साडी नेली तर तिने घेतली, पण म्हणाली, "मी तं कचरा उचली ऱ्हायनी व्हती, ताई." तिला खरंच कळलं नव्हतं तिने काय केलं.

यंदाच्या कापणीला हे बागेत आले. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे रीत आहे. पहिल्या दिवशी मालक झाडावर पिकलेलं एक केळं खाऊन पाहतो, मगच मजुरांचा कोयता घडाला लागतो. मजूर थांबले होते. यांनी घडातून केळं तोडलं, सावकाश सोललं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

त्या दिवसापासून मीही केळं तोंडात घातलं नव्हतं. तरी घेतलं, एक घास खाल्ला. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"कसं हाये?"

"गोड आहे," मी म्हणाले.

"मंग यंदा पोटॅश बरोबर बसलं," ते म्हणाले, आणि मजुरांना हात केला.