वढ्यावरच्या पुलाचा प्रश्न

मी सभागृहात खोटं उत्तर दिलं होतं. जिल्ह्याच्या नव्या परिषदेत, सगळ्या सदस्यांसमोर उभं राहून, खणखणीत आवाजात. आणि प्रश्न विचारणारा माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. काही लोकांना ते ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

मी मुळातच कमी बोलतो. लोक त्याला सभ्यपणा समजतात आणि मीही त्यांना तसं समजू देतो. पन्नाशी जवळ आली तशी मात्र या गप्प राहण्याची मलाच शिसारी यायला लागली आहे.

पण आधी त्या सभागृहाविषयी सांगायला हवं. माझ्या खोटेपणाची लाज वाटते तेवढाच त्या सभागृहाचा अभिमान वाटतो, आणि दोन्ही एकाच ठिकाणी घडलं, त्याला माझा इलाज नाही.

परिषद नवी होती तेव्हा बैठका जुन्या कचेरीच्या मोठ्या दालनात भरायच्या. निजामाच्या काळात तिथं तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, बसत. माझे वडील एकदा शेताच्या दरखास्तीसाठी तिथं गेले होते. दिवसभर बाहेरच्या लिंबाखाली, वहाणा हातात धरून उभे राहिले. संध्याकाळी शिपायानं सांगितलं, उद्या या. वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसायचा. ऊन, पाऊस सांगावा तसं सांगायचे. मला त्याचंच वाईट वाटायचं.

त्याच दालनात आम्ही निवडून गेलो. पहिल्या बैठकीला कुणी न सांगता सगळ्यांनी वहाणा दाराबाहेर काढल्या. मुख्य अधिकारी आत आले, तसे आम्ही सगळेच्या सगळे उभे राहिलो. कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. पक्षांचे बाक तेव्हा अजून ठरले नव्हते, दाजी माझ्या शेजारीच होते. तेही उठले होते. खाली बसताना हळूच म्हणाले, "अहो, उठायचं त्यांनी, आपण नव्हं. पाय अजून निजामाचंच हायत आपलं."

पुढच्या बैठकीला दाजी वहाणा घालून आत आले आणि साहेब आल्यावर बसून राहिले. हळूहळू बाकीचेही बसू लागले. मग रीतच पडली: विचारणारा विचारून खाली बसायचा आणि उत्तर देणारा शेवटपर्यंत उभा राहायचा. ईट गावाकडच्या एका सदस्यानं शाळेचे पत्रे आले, पण बोल्ट का आले नाहीत, असं विचारलं होतं. त्यावर मोठा शिकलेला अधिकारी कितीतरी वेळ उभा राहून, कपाळ पुसत, बोल्टांची हकीकत सांगत होता. बाजाराला आलेली माणसं मागच्या खिडक्यांशी गर्दी करायची. त्यांना बोल्टांचं काही नव्हतं. साहेब उभा राहून पैशाचा हिशेब देतोय, हे बघायला ती यायची. वडील तोवर गेले होते. ते असते तर मी त्यांना हाताला धरून त्या खिडकीशी नेलं असतं.

दाजी दुसऱ्या पक्षाचे. सत्ता आमच्या पक्षाची, आणि मी बांधकाम समितीवर. घरी आम्ही एका ताटात जेवायचो, सभागृहात ते समोरच्या बाकावर बसायचे. सुरुवातीला लोकांना याची गंमत वाटायची, नंतर सवय झाली.

दाजींचं गाव आणि बाजाराचं गाव यांच्यामध्ये एक वढा, म्हणजे ओढा, आहे. मृग लागला की दिवाळीपर्यंत त्याला पाणी. शाळा पलीकडं. मुलगे कमरेएवढ्या पाण्यातून, पाटी-दप्तर डोक्यावर धरून जायचे. मुली घरी बसायच्या. माझी भाची असे दोन पावसाळे घरी बसली होती. शाळा धड होत नाही तर उजवून टाकावी, असं भावकीतले म्हातारे बोलू लागले होते. ती पुढं पाच-सहा वर्षं पुस्तकाजवळ राहणार की चुलीजवळ, हे त्या वढ्यावर होतं. म्हणून त्या भाऊबीजेला मी लुगडं काढलं तेव्हा आक्कानं ते बाजूला ठेवलं. म्हणाली, ओवाळणी नको, वढ्यावर पूल तेवढा घाल. मी हो म्हणालो.

आणि खरोखर पूल मंजूर करून घेतला. इथवर मी कुणाच्याही डोळ्याला डोळा देऊ शकतो. पुढचं तसं नाही.

त्याच वर्षी माझ्या गावचा रस्ताही मंजूर झाला. दोन्ही कामं एकाच गुत्तेदाराकडं होती. आमच्याकडं ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. गावातली चार वजनदार माणसं घरी येऊन बसली. आपला माणूस समितीवर असून आपला रस्ता मागं राहतो का, म्हणाली. मी गुत्तेदाराला बोलावलं आणि आधी रस्ता उरकायला सांगितलं. पुलासाठी फोडलेला दगड माझ्या रस्त्यात गेला. पुलाला पुन्हा फोडता येईल, असं तो म्हणाला आणि मीही मानलं. तेवढ्यात पावसाळा आला.

दाजींचा प्रश्न भर पावसाळ्यातल्या बैठकीत आला. समितीचे सभापती आजारी होते, म्हणून उत्तराचा कागद माझ्या हातात आला. इंजिनिअरसाहेबांनी सरळ लिहिलं होतं की काम सुरू झालेलं नाही. दाजी उठले. धोतराचा काठ ओला होता, चिखलाचा होता. सकाळी तोच वढा ओलांडून ते आले होते. शांतपणे म्हणाले, "अध्यक्षमहाराज, वढ्यावरचा पूल मंजूर होऊन वर्ष झालं. तिथं आजघडीला काय हाय, एवढंच सभागृहाला सांगावं."

मी उठलो. कागद वाचला असता तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: का नाही झालं, आणि तिथला दगड कुठं गेला. खिडकीत माझ्या गावचे लोक उभे होते. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "जागेवर दगड पडले आहेत. पाणी ओसरलं की काम सुरू होईल."

दाजी अजून उभेच होते. क्षणभर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, सन्माननीय सदस्यांचा शब्द मी मानतो. आणि बसले. इंजिनिअरसाहेब माझ्या मागं होते. त्यांनी फक्त खुर्ची जराशी मागं सरकवली.

बैठकीनंतर दाजींनी मला चहाला नेलं. मी शब्द जुळवत होतो. त्यांनी पिशवीतून एक पुडी काढून पुढं ठेवली. आक्कानं माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. पोरं बरी आहेत का, असं त्यांनी विचारलं. वढ्याचा विषय काढला नाही.

तो त्यांनी पुढच्या बैठकीत काढला. आधीचं उत्तर खरं नाही असं आपण म्हणत नाही, फक्त सभागृहानं एकदा येऊन वढा डोळ्यांनी बघावा, एवढी त्यांची विनंती होती. आमच्या बाकांवरून कुणीतरी टोमणा मारला, दाजी मेव्हण्याची परीक्षा घेतायत. सगळे हसले. दाजींनी हसू ओसरू दिलं.

"मेव्हणं घरी," ते म्हणाले. "इथं ते सरकार हायत. सरकारला इचारायचं न्हाय तर कुणाला इचारायचं?"

त्या क्षणी मी भ्यालो होतो हे खरं, पण छाती भरून आली होती हेही तितकंच खरं. हा माणूस माझा दाजी आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पाहणीचा ठराव आमच्या पक्षाच्या लोकांनीही हात वर करून मंजूर केला.

पाहणी दसऱ्याच्या सुमारास ठरली. सदस्यांना वाट दाखवायला म्हणून दाजी आदल्या दिवशीच शहरात येऊन राहिले. हे मला माहीत होतं. मी गुत्तेदाराला गाठलं आणि सदस्य पोचायच्या आत वढ्यावर दगड पडले पाहिजेत असं सांगितलं. त्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे ट्रक वढ्याच्या अलीकडच्या काठावर दगड ओतून गेले.

आम्ही दोन जीपमधून आणि काही बैलगाड्यांतून गेलो. येडशीकडच्या एका सदस्यानं वाटेत गाणंही म्हटलं. वळण घेतलं आणि दगडांचे ढीग दिसले. जीपमध्ये एकच हशा झाला. दाजींना आता चष्मा करून द्यायला हवा, तोही परिषदेच्या खर्चानं, असं एकजण म्हणाला.

दाजी खाली उतरले. ढिगापाशी गेले. कडेचा एक दगड त्यांनी पायानं उलटा केला. खालचं गवत हिरवंगार होतं, नुसतं चेपलेलं. मी त्यांच्या मागंच होतो, मलाही ते दिसलं. दाजींनी दगड पुन्हा पायानंच जागेवर बसवला, गवत झाकलं जाईल असा.

वढ्याच्या पलीकडं त्यांचं गाव उभं होतं. त्या सगळ्यांनी सकाळी ट्रक पाहिले होते. एक म्हातारे गृहस्थ पाण्यातून अलीकडं आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज सकाळच्यालाच तर—"

"तात्या," दाजी मध्येच म्हणाले, "पाव्हण्यांना पाणी द्या. लांबून आल्यात."

तात्या त्यांच्याकडं बघत राहिले. मग वळून घागर आणायला गेले. बायांमध्ये आक्का उभी होती. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि माझ्याकडं पाहिलंच नाही.

पुढच्या बैठकीत दाजी आपणहून उठले. सभागृहाचा वेळ आपल्यामुळं गेला, जागेवर दगड आहेत, आपल्या शंकेबद्दल आपण सभागृहाची आणि सन्माननीय सदस्यांची माफी मागतो, असं ते म्हणाले. सन्माननीय सदस्य म्हणजे मी. बाकं वाजली. त्यात मीही हात आपटला, कारण न आपटणं डोळ्यावर आलं असतं.

त्या दिवशी लिंबाखाली मी त्यांना गाठलं. वडील उभे राहिले होते तोच लिंब. दाजींनी पान काढलं, चुना लावला.

"गवत दावलं असतं तर काय झालं असतं?" ते म्हणाले. "चौकशी बसली असती. दगड पुराव्याला म्हणून तसंच पडलं असतं, न्हाय तर गुत्तेदारानं उचलून नेलं असतं. तुमी पडला असता. पूलबी पडला असता."

मी म्हणालो, पण माफी तुम्ही का मागितलीत? नुसतं गप्प बसायचं.

"गप बसलो असतो तर लोकांनी परत इचारलं असतं," दाजी म्हणाले. "आता दगड आल्यात. ते तेवढं उचलू देऊ नका. एवढं काम करा."

तेवढं मी केलं. खरं म्हणजे तेवढंच केलं. पाणी आटल्यावर मी आठवड्यातून दोनदा वढ्यावर जाऊन बसायचो, गुत्तेदार शिव्या देईपर्यंत. पुढच्या मृगाच्या आत पूल झाला. ठेंगणा आहे, जास्त पाणी आलं की वरून वाहतं, पण तासाभरात मोकळा होतो. त्याच पुलावरून भाची मॅट्रिकपर्यंत गेली. तिच्या मागं गावातल्या बाकीच्या मुली गेल्या. कधी त्या बाजूला गेलो तर मी कठड्यावर बसून त्यांना जाताना बघतो. परिषदेनं काय केलं असं कुणी मला विचारलं तर मी दुसरं काही दाखवणार नाही, हाच पूल दाखवीन. तो माझ्यासारख्या सदस्यानं बांधला नाही. विचारणाऱ्या सदस्यानं बांधला.

पण पुढच्या निवडणुकीत आमच्या लोकांनी दाजींविरुद्ध तीच माफी वापरली. ज्यांना डोळ्यांदेखत दगड दिसत नाहीत ते तुमचे प्रश्न काय विचारणार, असं गावोगाव सांगत फिरले. आजूबाजूच्या गावांनी ते खरं मानलं. त्यांनी ट्रक पाहिले नव्हते. दाजी पडले. त्यांच्या गावानं एकमुखानं त्यांना मत दिलं होतं, पण ते एकच गाव. त्या प्रचारसभांच्या व्यासपीठावर मी होतो. भाषण केलं नाही, एवढंच. आणि त्या न बोलण्यालाही लोक माझा सभ्यपणाच म्हणाले.

दाजी पुन्हा उभे राहिले नाहीत. शेती केली, शाळेच्या कमिटीवर राहिले. आता त्यांना एका कानानं ऐकू येत नाही. मी गेलो की अजून चेष्टेनं म्हणतात, सरकार आलं, पाट मांडा. आक्का पाट मांडते. ती माझ्याशी सगळं बोलते, फक्त वढ्याचा विषय निघाला की उठून आत जाते.

परिषदेला आता मोठं, नवं सभागृह आहे. मी मध्ये एकदा प्रेक्षकांत जाऊन बसलो. एक तरुण सदस्य विहिरींबद्दल विचारत होता आणि एक अधिकारी उभा राहून, कागद चाळत, उत्तर देत होता. अधिकारी आत आला तेव्हा सदस्यांतलं कुणीही उठलेलं नव्हतं. ते कुणी शिकवलं, हे त्या पोराला माहीत नसणार.

त्या सभागृहाच्या कामकाजात माझं उत्तर खरं म्हणून नोंदलेलं आहे आणि दाजींची शंका खोटी म्हणून. दाजींनी मागितलेली माफी खरं तर मी मागायची होती. दाजींच्या हयातीत, त्याच सभागृहापुढं उभं राहून ती मागणं, हे मी त्यांचं देणं लागतो.