सव्वाशे चष्मे आणि तुटलेला कमानपाटा

वणीहून सुरगाण्याकडे जायचं म्हणून रस्त्याची चौकशी करणारे दोन-तीन निरोप या महिन्यात आले. रस्ता आता छान आहे, सकाळी नाशिकहून निघालात तर जेवायला निवांत पोहोचाल. पण मी त्या वाटेनं पहिल्यांदा गेले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, एका जुन्या जीपमधून, मांडीवर काचेचं सामान घेऊन. त्या प्रवासाबद्दलच लिहिते.

माझे वडील, अण्णा, नाशिकला रविवार कारंजाजवळच्या आमच्या छोट्या दुकानात चष्मे बनवायचे. काचा घासणं, फ्रेममध्ये बसवणं हे काम मीही शिकले होते. त्या हिवाळ्यात सुरगाण्याच्या अलीकडच्या एका गावात मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगाचा चष्मा लागायचा, त्याशिवाय माणसाला नुसतं धुकं दिसायचं. असे सव्वाशे चष्मे अण्णांनी महिनाभर खपून तयार केले. प्रत्येकाची पुडी वेगळी, वर नाव आणि नंबर. शिबिराचे डॉक्टर वाटपाच्या आदल्या दिवशीच एसटीनं तिकडे गेले होते. बाजाराच्या दिवशी दुपारी चष्मे वाटायचं ठरलं होतं, कारण त्या एकाच दिवशी पाड्यापाड्यावरची माणसं एकत्र सापडत. चार वाजता डॉक्टरांची परतीची गाडी होती.

अण्णांना ताप आला, म्हणून मी निघाले. माझं वय चोवीस.

जीप पवारकाकांची. काका लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावात ही जीप घेतली. चारही चाकांना जोर देणारी, त्यासाठी वेगळा दांडा असलेली. "तेवढं पेट्रोल भरा, बाकी काही नको," एवढंच ते अण्णांना म्हणाले होते.

सकाळी सहाला निघालो. दिंडोरीपर्यंत द्राक्षांच्या नव्या बागा, थंडी अशी की काकांनी कानाला मफलर घट्ट बांधलेला. वणीच्या स्टँडसमोर मिसळ खाल्ली. रस्सा इतका झणझणीत की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी, आणि काकांनी शांतपणे दुसरी प्लेट मागवली. "पुढं काही मिळणार नाही, पोटभर खा," ते म्हणाले. ते खरंच होतं. वणी सोडली की तेव्हा डांबर संपायचं आणि लाल मातीचा, दगडगोट्यांचा चढ सुरू व्हायचा.

एका ओढ्यावरचा फरशी पूल ओलांडून वर येताना मागून खाडकन् आवाज आला. जीप डावीकडे झुकली आणि चाक मडगार्डला घासून थांबली. मी चष्म्यांच्या पेट्या कवटाळून बसले होते, तरी वरची पेटी उसळून खाली आदळली.

काका गाडीखाली शिरले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. "मेन पाटा गेला."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी बाहेर येऊन दाखवलं. चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांचा एकावर एक रचलेला थर असतो, तो कमानपाटा. गाडीचा भार तो पेलतो, धक्के खातो आणि दोन चाकांना जोडणारा एक्सल जागेवर धरतो. त्यातली सगळ्यात मोठी पट्टी टोकाशी तुटली होती.

"पण काका, ही तर चारही चाकांवर चालते ना?"

"चारही चाकं ओढतील गं. पण ओढणारा एक्सलच जागेवर राहिला नाही तर काय ओढणार?"

साडेनऊ वाजले होते. फोन नाही, गॅरेज वणीला. दिवसातून एकदाच येणारी एसटी सकाळीच निघून गेलेली. मी पेटी उघडली. कापसातून काचेचे तुकडे हाताला लागले. चार चष्मे फुटले होते. अण्णांचा ताप, त्यांचे रात्रंदिवस राबलेले हात, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मला रडूच फुटलं. काकांनी पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

तेवढ्यात वरच्या शेतातून एक माणूस खाली आला. सोमाभाऊ. बैलगाड्या बनवणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी वाकून तुटलेला पाटा पाहिला.

"गाडीला पाय मोडला म्हना की."

"मोडला खरा. खाली द्यायला लाकूड मिळेल का? कडक पाहिजे," काकांनी विचारलं.

"लाकूड लय हाय. माप सांगा."

काकांनी दोरीनं माप दिलं. सोमाभाऊ घरी जाऊन जुन्या बैलगाडीच्या लाकडी आसाचा तुकडा, लाकूड तासायचा वाकस आणि एक साखळी घेऊन आले. मग ते दोघं जे कामाला लागले ते पाहत बसावं असं होतं. जॅकवर जीप उचलायची, लाकूड लावून बघायचं, काढून चार घाव घालायचे, पुन्हा लावायचं. एक्सल आणि सांगाडा यांच्या मधे तो ठोकळा घट्ट बसला. एक्सल मागे सरकू नये म्हणून साखळी आवळली, वरून बैलांच्या जाड नाड्यानं वेढे दिले. एक फौजी, एक सुतार. दोघांनाही फारसं बोलावं लागत नव्हतं.

साडेअकराला काकांनी जीप पन्नास पावलं चालवून पाहिली आणि खाली उतरले.

"चालेल. पण धक्का खाणारं आता काही राहिलं नाही. तुझ्या काचा यात ठेवल्या तर गावात नुसता चुरा पोहोचेल. रस्त्यानं अजून अकरा किलोमीटर आहे."

आम्ही तिथे उभे असतानाच पाच-सहा बायका वालाच्या शेंगांनी भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन आल्या. बाजाराला निघालेल्या. सोमाभाऊंनी पुढच्या बाईला हाक मारून सगळं सांगितलं. तिचं नाव काशीबाई. चाळिशीची, सडपातळ, ताठ.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "डोंगराच्या पोटातनं वाट हाय. दीड कोस. दे आमच्याकडं."

माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. महिन्याभराचं काम अनोळखी बायकांच्या डोक्यावर कसं द्यायचं? वाटेत दगड, उतार. एखादी ठेचकाळली तर? मी घुटमळले. तिला ते कळलं असावं.

"आमच्याच म्हाताऱ्यांचे डोळे हायेत ना त्यात?" ती म्हणाली.

मी पेट्या खाली ठेवल्या. शेंगांवर फडकी अंथरून आम्ही पुड्या पाच टोपल्यांत वाटून लावल्या. काका रिकामी जीप घेऊन रस्त्यानं गेले आणि मी बायकांच्या मागून पायवाटेनं.

ती वाट मी आयुष्यभर विसरणार नाही. खाली उतार, मधे ओढा, पलीकडे खडा चढ. माझ्या चपला घसरत होत्या, ओढ्यात तर मी गुडघ्यावर आपटले. पुढे काशीबाईचे पाय दगडावरून दगडावर पडत होते, कंबर हलत होती, पण मानेच्या वर सगळं स्थिर. टोपलीला तिचा हातसुद्धा लागलेला नव्हता. ती मागे न वळता हसली. "पडलीस का? तरी बरं, तुझ्याकडं टोपली नाय."

वाटेत एका झाडाखाली थांबलो. त्यांनी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि खुरासणीची चटणी दिली; खुरासणी म्हणजे कारळे. सकाळची मिसळ त्या चटणीपुढे फिकी वाटली.

दुपारी दीडला गावातल्या आश्रमशाळेच्या पटांगणात पोहोचलो. माणसं ओळीनं बसली होती, काहींच्या हातात काठ्या, काहींच्या नातवंडांची बोटं. मी एकेक पुडी उघडत होते आणि श्वास रोखत होते. एकशे एकवीस चष्मे, एकालाही तडा नाही. एका आजींनी चष्मा लावला आणि आधी स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. एकानं समोरच्या कडुलिंबाची पानंच निरखली. तास-दीड तासानं काकांची जीप धडधडत आली तेव्हा सगळं पटांगण नव्या काचांतून तिच्याकडे बघायला लागलं.

फुटलेल्या चारांतला एक चष्मा म्हादूबाबांचा होता. मी त्यांच्यापाशी बसून सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"एवढं थांबलो, आनखी थांबीन. तू काय मुद्दाम फोडलास?" ते म्हणाले. मग थोड्या काळजीनं, "गाडीचं जमलं ना पन?"

त्या दिवशी आश्रमशाळेतच राहिलो. दुसऱ्या दिवशी वणीला तसा पाटा मिळाला नाही, म्हणून बैलगाडीच्या वेगानं नाशिक गाठलं. द्वारका चौकाजवळच्या मेकॅनिकनं गाडीखाली डोकं घातलं आणि तिथूनच ओरडला, "हे कुणी केलं? याला माझ्याकडे कामाला पाठवा!" काका पुढे कितीतरी दिवस हे सगळ्यांना सांगत होते.

अण्णांनी उठून बसल्यावर सगळ्यात आधी चार नवे चष्मे केले. पुढच्या बाजाराला मी ते एसटीनं, मांडीवर धरून नेले. म्हादूबाबांच्या कानांमागे चष्म्याच्या काड्या अडकवल्या. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"तू ती गाडीवाली?"

"हो बाबा."

"अगं, तू तर पोरगीच हायेस. आवाजावरनं मला वाटलं, माझ्याच वयाची कुनी हाय."

घरी येऊन मी हे अण्णांना सांगितलं. महिन्याभरानं पहिल्यांदा ते खळखळून हसले. त्यानंतर वर्षभर मी दुकानात काही बोलायला लागले की म्हणायचे, "बोला आजीबाई."

आता तो रस्ता तुम्ही तासाभरात कापाल. कमानपाटा मोडायचं कारण नाही. तरी जमलं तर कुठल्यातरी बाजाराच्या दिवशी जा, गाडी कडेला लावा आणि चालणाऱ्यांबरोबर थोडं चाला. माझा सगळा प्रवास त्या दीड कोसातच झाला.