सतरा हात दोर

आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. भूतबाधा, अंगात येणं, उतारा — यातलं काही मी मानलं नाही, आजही मानत नाही. मोजमाप मानतो. म्हणून मोजलं तेवढंच सांगतो.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस नव्हता. औशाच्या भुईकोट किल्ल्याच्या कोरड्या खंदकात रोजगार हमीवर गाळ काढणं चाललं होतं. मोजमाप माझ्याकडे. टेप जुन्या जिल्ह्याच्या सामानात राहिला, म्हणून खोली दोराने घ्यायचो. अंबाडीचा दोर, हाताहातावर गाठ, टोकाला दगड. काठापासून तळ सतरा हात. समोरच्या तटावर जुन्या पाण्याची पांढरी रेघ होती — काठापासून खाली नऊ हातांवर.

दोन दिवस टँकर नव्हता. आमची चार वर्षांची सुनीता जुलाबाने लिंबाखाली निपचित पडली होती. माझी बायको कौसल्या म्हणाली, "डोळे फिरवायली हो पोरगी... कायतरी करा!"

काय करणार? दुपारचं माप राहिलं होतं. सवयीने दोर सोडला. खाली गयाबाई खणत होती. तिचं तान्हं काठावर झोळीत. अंगावरचं दूध आटलेलं.

"ओ भाऊ, खंदक मोजता का माझं डोस्कं? पाटीतच पडला की दगड!"

दोर ओढला. नऊ हात कोरडा. खालचे आठ हात... ओलेचिंब.

वाकून पाहिलं. खाली नुसता फुफाटा.

कौसल्याने फुलपात्र धरलं, मी दोर पिळला. पुन्हा सोडला, पुन्हा ओला. दर खेपेला नवव्या गाठीखालीच.

"गयाला हाक मारू?" ती कुजबुजली.

"थांब."

फुलपात्र भरलं. सुनीताने घोटघोट करत संपवलं. मग मी हाक मारली. गयाबाई वर आली. तिच्यादेखत दोर सोडला. सतराच्या सतरा हात धुळीने माखून आला.

"गरिबाची मस्करी करायलाव का, भाऊ?"

सुनीताच्या हनुवटीवर ओल होती. गयाबाईने ती पाहिली.

वहीत मी लिहिलं — तळ कोरडा, सतरा हात.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी टँकर आला. गयाबाईचं बाळ आदल्या दिवशीच गेलं होतं. सुनीता आज दोन मुलांची आई आहे.

दोर कशाने भिजला, मला आजही सांगता येत नाही. हाक उशिरा का मारली, ते मात्र सांगता येतं... फुलपात्र अजून भरायचं होतं.